न पडण्याची अट

अट

पडायचं नाही.

अट एवढीच. कयाक लांब घ्या, आखूड घ्या, निळी घ्या नाहीतर पोपटी घ्या, पण आज खाडीवर चालवून बघाल तेव्हा तिच्यातून पाण्यात पडायचं नाही. पडलात तर विषय संपला. मग या घरात कयाक हा शब्द पुन्हा निघणार नाही.

सिस्टरनी हे सकाळी कप विसळता विसळता सांगितलं आणि साक्षीला साडूभाऊ हजर होते. साडूभाऊ म्हणजे सिस्टरच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कयाक या एकट्याने वल्हवायच्या चिंचोळ्या होडीवरचे जगातले झाडून सगळे व्हिडिओ त्यांनी बघितले होते, आणि स्वतः पाण्यात घोट्याच्या वर कधी गेले नव्हते.

"ताई, शब्द म्हणजे शब्द," साडूभाऊ म्हणाले. "मी साक्षीदार."

"तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" मास्तरांनी विचारलं.

"मी कयाकच्या बाजूने."

मास्तर म्हणजे सिस्टरचे यजमान; शाळेतले नव्हेत, शिवणकामातले. गल्लीच्या तोंडावर त्यांचं कोट-पँटचं दुकान. सिस्टर मोठ्या हॉस्पिटलात, अपघात विभागात. पाण्यातून काढून आणलेली माणसं त्यांनी दारात उतरवून घेतली होती. त्यातली काही आपल्या पायांनी घरी गेली, काही गेली नाहीत. त्याबद्दल त्या घरी कधी अक्षर काढत नसत. म्हणूनच, उभा जन्म गिऱ्हाइकांशी घासाघीस करण्यात गेलेल्या मास्तरांनी या अटीवर मात्र घासाघीस केली नाही. मुकाट्याने मान डोलावली.

त्यांना काय हवं होतं? सुट्टीच्या दिवशी ते धक्क्यावर गळ टाकून बसत. गळ जिथे पडे त्याच्या पुढे, चांगला पुढे, पाणगवताचा हिरवा पट्टा होता. मासे तिथे, गळ इथे. कधी कधी त्या पट्ट्याच्या कडेला एखादा मासा पाण्याबाहेर उडी मारी आणि पुन्हा आत जाई. मास्तरांना ते कुणीतरी डोळा मारल्यासारखं वाटे.

खडू

आता थोडं मागे जाऊ, कारण मास्तरांची चूक दुकानात झाली, पाण्यात नाही.

कयाकवाल्याकडून त्यांनी मापं आणली होती. लांबी, रुंदी, बसायच्या जागेची खोली. कागदावरचं माप त्यांना कधीच पुरत नसे, माप डोळ्यांसमोर पसरलेलं लागे. म्हणून दुपारच्या सुट्टीत त्यांनी कापायचं टेबल भिंतीला सरकवलं आणि कपड्यावर खुणा करायच्या खडूने दुकानाच्या फरशीवर कयाकी काढल्या. पूर्ण आकाराच्या. दोन.

डबा घेऊन आलेल्या सिस्टर दारातच थबकल्या.

"कुणाला मारलंत?"

"कयाक आहे."

"आणि ही दुसरी?"

"तीही कयाकच."

"मग पोलिसांना थांबवते," म्हणून त्यांनी डबा टेबलावर ठेवला.

मास्तर पहिल्या आकृतीत जाऊन बसले, पाय लांब केले, गजपट्टीचं वल्हं केलं. डावीकडे मारलं, उजवीकडे मारलं. आकृती मांड्यांना दोन्ही बाजूंनी अगदी लागून होती, फक्त बोटभर जागा सोडून. एवढीच जागा ते कोटालाही सोडत. मास्तरांचा चेहरा उजळला. संध्याकाळी कोटाची ट्रायल द्यायला आलेले वकीलसाहेब कयाकला वळसा घालून आरशापाशी गेले, तेव्हा मास्तर तोंडात टाचण्या धरून त्यांना हीच लांब कयाक कशी सरळ जाते ते समजावत होते. वकीलसाहेबांना एक शब्द कळला नाही. टाचण्या तोंडात असताना मास्तर काय बोलतात ते कुणालाच कळत नसे.

माहितीपत्रकात तिसरी एक कयाक होती. ती मास्तरांनी फरशीवर काढलीच नाही. तिची रुंदी वाचली आणि पान उलटलं.

"ही का नाही?" सिस्टरनी विचारलं होतं.

"ढगळ आहे."

मास्तरांच्या तोंडी याहून मोठी शिवी नव्हती. एखाद्या दुकानदाराबद्दल 'ढगळ शिवतो' असं ते म्हणाले की तो माणूस त्यांच्या लेखी बाद.

आणि हो. दुकानाची फरशी हलत नाही. ही गोष्ट इतकी उघड होती की कुणाच्याच ध्यानात आली नाही.

निळी

कयाकवाल्याला सगळे बदकराव म्हणत. पाय फाकवून चालायचे, हे एक कारण. दुसरं म्हणजे, दिवसभर पाण्यात असूनही त्यांच्या अंगावर ओलावा राहिल्यासारखा कधी वाटत नसे. खाडीच्या काठावर त्यांची पत्र्याची शेड होती, पुढे वाळूची उतरण, उतरणीच्या पायथ्याशी शांत पाणी.

"कोणती?" बदकरावांनी विचारलं.

"निळी," मास्तर म्हणाले. "अरुंद, लांब. माझ्या मापाची."

बदकरावांनी एकदा मास्तरांकडे बघितलं, एकदा निळीकडे. "बसा," म्हणाले. "लाइफ जॅकेट घाला आणि बसा."

काठावर सिस्टर उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून. हॉस्पिटलात साहेबांची फेरी असली की त्या अशाच उभ्या राहत. शेजारी साक्षीदार.

मास्तर बसले. निळी डोलली. मास्तर डोलले नाहीत. मांडी घालून तासन्तास काजं शिवणाऱ्या माणसाची बैठक ती, कमरेच्या वर पुतळा. चार वल्ही मारली आणि निळी पाण्यावरून अशी निघाली की साडूभाऊंनी टाळी वाजवली.

"ताई, बघा."

"बघतेय."

बदकराव पाण्यातून चालत मास्तरांच्या बाजूला आले. "मस्त. आता असं समजा की मासा लागलाय. मागे जाळी ठेवलीय, ती घ्या."

मास्तरांनी कमरेत वळून मागे हात नेला मात्र, निळी त्यांच्याखालून निसटायला बघू लागली. उजवीकडे कलली. त्यांनी डावीकडे झोक दिला, तर ती डावीकडे धावली. दोन्ही हातांनी काठ धरून, डोळे मिटून, श्वास कोंडून ते बसून राहिले, तेव्हा कुठे ती शांत झाली. काठावर सिस्टरच्या हाताची घडी सुटली होती.

मास्तरांना स्वतःचाच राग आला. ट्रायलला आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ते आधी हात वर करायला लावत. उभ्या उभ्या कोट कुणालाही बसतो, हात वर केला की खरं काय ते कळतं. आणि स्वतःच्या वेळी? फरशीवर बसून नुसती पुढे पुढे वल्ही मारली.

"नको ही," ते काठाला येत म्हणाले.

"पडले नाहीत," साडूभाऊंनी जाहीर केलं. "नोंद घ्या."

पोपटी

साडूभाऊंची आवडती. खडूची दुसरी आकृती तीच. तिच्यावर पाठ टेकायची उंच खुर्ची, पायांनी चालवायची पेडलं, गळाच्या काठ्या खोचायला जागोजागी भोकं. शेडमधून पाण्यापर्यंत ती चौघांनी उचलली आणि चौघेही निरनिराळ्या सुरांत कण्हले.

"वजनाचं काय आहे," साडूभाऊ धापा टाकत म्हणाले, "की पाण्यात ते लागत नाही."

"पाण्यापर्यंत लागतं ना," सिस्टर म्हणाल्या.

पण पाण्यात पोपटी राजेशाही होती. मास्तर खुर्चीत रेलले, पायांनी पेडलं मारत फिरले, मागे वळले, जाळी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. हात मोकळे. इतके मोकळे की त्यांनी एक हात हलवून सिस्टरना दाखवला. एकदाही तोल गेला नाही.

परत आले ते हसतच. "हीच."

"छान," बदकराव म्हणाले. "आता पडा."

नियम

मास्तर: काय?

बदकराव: पडा. पाण्यात. मग परत चढा. आमचा नियम आहे. ज्या कयाकमधून माणूस पडून परत चढला नाही, ती कयाक मी त्याला विकत नाही.

साडूभाऊ: असा नियम कुठल्याच व्हिडिओत नाही.

बदकराव: माझ्या शेडमध्ये आहे.

मास्तर: अहो, आमचं घरी ठरलंय. पडायचं नाही असं. पडलो तर कयाक नाही.

बदकराव: आणि नाही पडलात तरी कयाक नाही.

(साडूभाऊ बोटांवर हिशेब करून बघतात.)

सिस्टर: एक विचारू? हा नियम का?

बदकराव: ताई, कयाकमधून सगळेच पडतात. आज नाहीतर उद्या. जॅकेट असतं, माणूस तरंगतो. पण पडून काही होत नाही हो. परत चढता येत नाही, तिथून पुढे होतं. धडपडतो, दमतो, गारठतो.

सिस्टर: किती वेळात दमतो?

बदकराव: घाबरला तर लगेच.

सिस्टर: आणि आधी करून बघितलं असेल तर?

बदकराव: तर घाबरत नाही. आपण हे केलंय, हे अंगाला माहीत असतं.

सिस्टर: हं.

मास्तर: काय हं?

सिस्टर: बरोबर बोलतायत ते.

मास्तर: मग अट मागे घे.

सिस्टर: सकाळी दिलेला शब्द दुपारी मागे घेऊ? वॉर्डात मला कुणी विचारेल का मग?

साडूभाऊ: मी साक्षीदार आहे.

सिस्टर: तुम्ही गप्प बसा. ह्यांनी पडायचं नाही असं ठरलंय ना? माझं काही ठरलेलं नाही. मी पडते.

एका दमात

मग सिस्टरनी घड्याळ काढून मास्तरांच्या हातात दिलं, घड्याळावर चष्मा ठेवला, चष्म्यावर केसांची क्लिप, चपला वाळूत जोडीने लावून ठेवल्या, जॅकेट चढवलं आणि त्याचा पट्टा ओढून ओढून तपासला, रुग्णाला बांधतात तितक्या बारकाईने, आणि मास्तर 'अगं' म्हणाले, 'अगं ऐक' म्हणाले, 'अगं तुला हौस आहे का' म्हणाले, तोवर त्या पोपटीच्या उंच खुर्चीत जाऊन बसल्याही होत्या, आणि बदकराव तिला ढकलत कमरेएवढ्या पाण्यात घेऊन गेले होते, आणि साडूभाऊंनी डोळ्यांवर हात ठेवून बोटांच्या फटीतून बघायला सुरुवात केली होती, आणि सिस्टर म्हणाल्या, "पडू?", बदकराव म्हणाले, "पडा," आणि त्या खुर्चीवरून बाजूला झोक देऊन, नाक चिमटीत धरून, कुणाला काही कळायच्या आत, धप्पकन पाण्यात गेल्या.

काठावर मास्तरांच्या हातात घड्याळ टिकटिकत होतं.

मग डोकं वर आलं.

"गार आहे," सिस्टर म्हणाल्या. आणि उभ्या राहिल्या. पाणी कमरेला.

आता चढायचं. त्यांनी हात टाकला, तो खुर्चीच्या दांडीला लागला. उडी मारली, तर छातीला कड आली आणि पोटाला पेडलं. दुसऱ्या बाजूने प्रयत्न केला. मग मागून. उभं राहून नाही, तळाला पाय न लावता करा, असं बदकराव सांगत होते, आणि सिस्टर तसंच करत होत्या. शांतपणे, न कुरकुरता, तीच ती हालचाल पुन्हा पुन्हा. शेवटी त्या थांबल्या, तोंडावरचे केस मागे सारले, पोपटीकडे तपासणीच्या नजरेने बघितलं.

"ही नको."

"पण ताई, खुर्ची किती—"

"खुर्ची वर राहते आणि माणूस खाली. नको ही."

साडूभाऊंचा चेहरा असा पडला की पाण्यात तेच पडलेत असं वाटावं.

ढगळ

शेडच्या सावलीला एक पिवळी कयाक पालथी पडलेली होती. तिच्या पाठीवर ओली जॅकेटं वाळत घातली होती. मास्तर येताना तिच्या शेजारून गेले होते आणि त्यांना ते बाक वाटलं होतं.

बदकरावांनी जॅकेटं काढली, ती सुलटी केली. ठेंगणी, रुंद, पोट सुटलेली. वर साधी बैठक, मागे एक खळगा, काठ्या खोचायला दोन भोकं, बस्स.

"हीच ती तिसरी," ते म्हणाले. "ही शिकवायची आहे. अशीच कोरी आत आहे."

मास्तरांनी न राहवून तिच्या बैठकीवर वीत टाकली. मग आपल्या मांडीवर. दोन्हीकडे वीतभर जागा मोकळी.

"ह्यात तर माझ्यासारखे दीड मावतील."

"बाजूला व्हा," म्हणत सिस्टर पाणी निथळत त्यांच्या पुढून गेल्या.

बसल्या. पडल्या. पाय मागे फडफडवले, पोटावर आडव्या सरकल्या, निम्म्या वर आल्या आणि घसरून परत गेल्या. पुन्हा पाय फडफडवले. या खेपेला पोट वर, मग कूस, मग एक लोळण, आणि सिस्टर पिवळीवर बसलेल्या. केस तोंडावर, एक पाय अजून पाण्यात.

मग त्यांनी काय करावं? पुन्हा पडल्या.

दुसऱ्यांदा पडल्या त्या नीट तपासायला. तिसऱ्यांदा कशाला पडल्या, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. तिसऱ्यांदा त्यांनी नाकही धरलं नव्हतं. वर आल्या ते तोंडातलं खारं पाणी थुंकत आणि हसत. एकीकडे हसत, एकीकडे खोकत, एकीकडे कयाकला लटकलेल्या. मास्तर पाण्याच्या कडेला येऊन उभे होते, हातात चष्मा, घड्याळ आणि क्लिप घेऊन, आणि बुटात पाणी शिरलंय याचा त्यांना पत्ताच नव्हता.

"या," सिस्टरनी हाक मारली.

"आणि अट?"

"ज्यासाठी घातली होती ते मी बघितलं. आता काढली. साक्षीदार, ऐकताय ना?"

"ऐकतोय," साडूभाऊ म्हणाले. मास्तरांनी हातातलं सगळं त्यांच्या हातात कोंबलं आणि ओले बूट काढले.

पडा

मास्तर पिवळीत बसले. बदकराव म्हणाले, पडा. मास्तर उजवीकडे झुकले. पिवळी थोडी कलली आणि थांबली, जणू विचारत होती की काही हवंय का.

"पडा ना," सिस्टर म्हणाल्या.

"पडतोय."

"कुठे पडताय? बसलाय की."

मास्तर आणखी झुकले. डावीकडे करून बघितलं. जागेवर उड्या मारल्या. ढगळ कयाक, तिला त्यांच्या हालचालींचं काहीच वाटत नव्हतं, हाताखाली एवढी जागा होती की माणसाने हवं तसं वळावं, वाकावं, मागची जाळी घ्यावी, पुढची काठी घ्यावी, आणि कयाकने आपली मजेत डुलत राहावं.

"वजन खांद्यावर घ्या," साडूभाऊंनी काठावरून सुचवलं. "गुरुत्वमध्य वर जाऊ द्या."

"तुम्ही या आणि घेऊन दाखवा," मास्तर म्हणाले. आणि सिस्टरकडे वळून, "अगं, मला खरंच पडता येत नाहीये."

"थांबा."

सिस्टर पाण्यातून चालत आल्या, पिवळीच्या कडेला खांदा लावला, पलंगावरचा पेशंट कुशीवर वळवतात तसा एक बेताचा, शिकलेला रेटा दिला, आणि नवऱ्याला पाण्यात टाकलं.

गार. खारं. कानात बुडबुड. तळाला पाय लागले तर मऊ चिखल, बोटांमधून वर येणारा. मास्तर उभे राहिले. समोर सिस्टर, नाकाच्या शेंड्यावर थेंब, दोन्ही हात कमरेवर.

"काय झालं का?"

मास्तरांनी चाचपून बघितलं. "नाही," ते म्हणाले, जरा आश्चर्यानेच.

"मग चढा."

पहिल्या खेपेला अर्ध्यातून घसरले. दुसऱ्या खेपेला इतक्या जोरात चढले की पलीकडून पडले. साडूभाऊ काठावर खाली बसून हसायला लागले. मग मास्तरांना आपला धंदा आठवला. जाड कापडाचा तागा टेबलावर चढवताना तो उचलायचा नसतो, आधी टोक टेकवायचं आणि मग सरकवायचा. त्यांनी हनुवटी टेकवली, छाती टेकवली, पाय मारले, स्वतःला सरकवलं, आणि बघता बघता पिवळीवर उताणे पडले. डोळ्यांसमोर नुसतं आकाश.

"झालं," बदकराव म्हणाले. "ही तुमची."

पट्टा

काठी बदकरावांनीच आणून भोकात खोचली. म्हणाले, ओले आहातच, तर एक चक्कर मारून या.

मास्तर निघाले. पिवळी काही वाऱ्यासारखी गेली नाही. ती आपल्या चालीने, पोट सांभाळत, प्रत्येक वल्ह्याला थोडी डावी-उजवी होत गेली. धक्का बाजूने आला आणि मागे पडला. धक्क्यावरच्या त्यांच्या नेहमीच्या जागेवर दुसराच कुणीतरी गळ टाकून बसला होता. त्याचा गळ जिथे पडत होता तेही पाणी मागे पडलं.

मग पाण्याचा रंग बदलला. खाली गवत दिसू लागलं, लांब, हिरवं, सगळं एका दिशेला वळलेलं, जसं कुणी नुकतंच विंचरून गेलं असावं. त्यातून बोटभर मासे थव्याने सरकत होते, वल्ह्याची सावली पडली की सगळे एकदम वळत. मास्तरांनी वल्हं मांडीवर आडवं ठेवलं. काठी घ्यायची घाई केली नाही. दोन्ही बाजूंना वीतभर मोकळी जागा होती, ती त्यांनी हाताने एकदा चाचपली, आणि तिथे हात तसाच राहू दिला.

काठावर सिस्टरच्या जिवाला घोर लागला असेल, असं त्यांच्या मनात आलं. हात हलवून 'ठीक आहे' म्हणावं म्हणून ते कमरेत वळले. पूर्ण वळले, मागे बघण्याइतके.

सिस्टर त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. त्यांची पाठ होती. त्या कमरेएवढ्या पाण्यात उभ्या होत्या, आणि जॅकेट घालून, दोन्ही हातांनी निळीचे काठ घट्ट धरून, डोळे मिटून बसलेल्या साडूभाऊंना, पाण्यावरून इथपर्यंत स्पष्ट ऐकू येईल अशा वॉर्डातल्या आवाजात सांगत होत्या,

"मी एक-दोन-तीन मोजणार नाहीये. तुमचं तुम्ही पडा."

मास्तरांनी हात खाली घेतला आणि गळ टाकला.